पार्लरवाल्या वहिनी आणि ते लांबलचक नाव

कुठलीही बाटली हातात आली की वहिनी आधी ती उलटी फिरवायच्या. पुढच्या बाजूला बाई कितीही गोरी आणि केस कितीही रेशमी असोत, तिकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. "पुढचं फोटोवाल्याचं, मागचं आपलं," असं म्हणत चष्मा कपाळावरून नाकावर ओढायच्या आणि मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवू लागायच्या. आमचा वाणी म्हणायचा, "वहिनी, दुकान बंद करून वाचनालय काढू का?"

चंदनसारला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं पार्लर होतं आणि वरच्या मजल्यावर घर. नवरा गेला, मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, आणि वहिनींचा दिवस पार्लरच्या खुर्चीभोवती फिरू लागला. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून त्यांच्यासाठी मी 'मॅडम'. वहिनींचं माहेर जूचंद्र गावचं, त्यामुळे बोलणं तिकडचं.

आधी त्यांचे हात फुटायला लागले. मग पापण्या सुजायच्या, कानामागे खाज सुटायची. सगळ्यांनी टँकरच्या पाण्याला दोष दिला, मीसुद्धा. खोबरेल तेल झालं, कडुलिंब झाला. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी ॲलर्जी तपासायला पाठीवर चौकोनी पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही असं बजावलं. एप्रिल महिना! वहिनी पंख्याखाली ताठ बसून गिऱ्हाइकांना सांगत होत्या, "पाठीवर पेपर लिहायला दिलेत. निकाल परवा."

निकाल लागला. शाम्पू, क्रीम, भांड्यांचं लिक्विड, ओले टिशू, असलं पाणीदार काहीही नासू नये म्हणून त्यात जे घालतात, त्यातल्याच एका पदार्थाशी वहिनींच्या त्वचेचं वैर निघालं. डॉक्टरांनी नाव कागदावर लिहून दिलं होतं. मी ते वाचताना दोनदा अडखळले. वहिनींनी मात्र आठवडाभरात पाठ केलं. रामरक्षा म्हणावी तसं एका दमात म्हणायच्या, "मेथिल-आयसो-थाया-झोलिनोन!" आणि वर मला विचारायच्या, "बरोबर ना, मॅडम?"

"डॉक्टर म्हनतात धंदा बदला," त्या एकदा म्हणाल्या. "दहावीनंतर कोर्स केला, दुसरं काय येतं मला?" एवढंच बोलल्या आणि फळीवरच्या बाटल्या उतरवायला लागल्या. एकेक वाचून दोन ढीग केले. नकोशा बाटल्यांचं पोतं पलीकडच्या पार्लरवालीला देऊन टाकलं. मी म्हटलं, "अहो, तिला कशाला?" तर म्हणाल्या, "माझं वैर हाय. तिचं कुठं हाय?"

मग पार्लरमध्ये उरलं ते भुवयांचं थ्रेडिंग, कोरड्या केसांची कापणी आणि खोबरेल तेलाची मालीश. घरात भांड्यांना साबणाची वडी, अंगाला वडी, लादी पुसायला नुसतं पाणी. वाण्याकडे एकदा मी वैतागून म्हटलं, "ही क्रीम मागच्या महिन्यात वाचली होती ना तुम्ही?"

"ती मागच्या महिन्याची. ही दुसरी बाटली," वहिनी म्हणाल्या. "आतला माल बदलतात आनि डबा तोच ठेवतात, मॅडम." आणि खरंच, त्या वेळी यादी बदललेली निघाली.

आता माझा पराक्रम सांगते. दिवाळीच्या एका प्रदर्शनात मी त्यांच्यासाठी शाम्पू घेतला. बाटलीच्या गळ्यात सुतळी, वर 'शंभर टक्के केमिकलमुक्त' आणि मागे यादीत फक्त आवळा, शिकेकाई आणि प्रेम. पाणीसुद्धा रसायनच आहे, हे दरवर्षी पोरांच्या कानीकपाळी ओरडणारी मी, त्या सुतळीला भुलले.

भाऊबीजेनंतर दोन दिवस पार्लर उघडलं नाही. मी वर गेले. वहिनींनी दार उघडलं आणि मला त्यांचे डोळे दिसेनात, इतक्या पापण्या सुजल्या होत्या. कानांमागून लस येत होती.

"मागे वाचलं नाहीत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"नाय वाचलं. तुम्ही दिलं होतं ना."

मला खाली बघावं लागलं. खाली त्यांच्या लादीवर पुसल्याचे ओले पट्टे होते, तेवढे आठवतात. मी तिथूनच बाटलीवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडची बाई अगदी गोड बोलत होती. "टिकायला थोडंसं काहीतरी घालावंच लागतं ना, ताई." थोडंसं म्हणजे काय, तर तेच लांबलचक नाव. माझा आवाज चढला तशी वहिनी आतून म्हणाल्या, "फोन ठेवा, मॅडम. चहा टाका. आनि भांडी पन तुम्हीच घासा, वडीनं." मी भांडी घासली. रडत घासली म्हटलं तरी चालेल. वहिनी बाहेर बसून हसत होत्या, "कॉलेजातल्या पोरांना सांगू काय?"

पुढच्या वर्षी सोसायटीने इमारत रंगवायला काढली. पार्किंगमध्ये मीटिंग भरली. वहिनी उठून म्हणाल्या की रंगाचा त्यांना त्रास होईल. सेक्रेटरी म्हणाले, "रंगाची ॲलर्जी? कुठल्या, पिवळ्या की गुलाबी?" लोक हसले.

"रंगाची नाय," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "डब्यात तो नासू नये म्हनून जे घालतात, त्याची."

या वेळी मी उठले. वर्गात शिकवते तसं सगळं सांगितलं. वास गेला तरी तो पदार्थ भिंतीतून कित्येक आठवडे हवेत येत राहतो, हेही सांगितलं. हसू थांबलं. सेक्रेटरींनी वहिनींची माफी मागितली आणि त्यांचा मजला सगळ्यात शेवटी, त्या गावाला गेल्यावर रंगवायचं ठरलं.

वहिनी महिनाभरासाठी भावाकडे जूचंद्रला गेल्या. महिन्याने परतल्या, जिना चढल्या, आणि तासाभरात पापण्या चुरचुरायला लागल्या. पिशवी न सोडताच पुन्हा खाली उतरल्या. "अजून भिंतींचा राग गेला नाय," म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

तोवर भावाच्या ओटीवर खुर्ची मांडून त्यांनी थ्रेडिंग सुरू केलं होतं. गावातल्या बायका यायला लागल्या, मग नव्या टॉवरमधल्या यायला लागल्या. पुढे आमच्या भिंती निवळल्या, पण वहिनी काही आल्या नाहीत. वरचा फ्लॅट भाड्याने दिला. पार्लरच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. माझ्या भुवया कधी एकसारख्या नसतात.

मागच्या सुट्टीत मी जूचंद्रला गेले. भावाने ओटीची भिंत नुकतीच चुन्याने पांढरी केली होती. मी धास्तावून विचारलं, "वहिनी, हे चालतं तुम्हाला?"

"चुना हाय, मॅडम. त्यात कायपन जगत नाय, मग टिकवायला आनखी काय घालनार?"

माझ्याआधी तीन बायका ओळीत बसल्या होत्या. वहिनींनी दोऱ्याचं टोक दातातून सोडलं, कंबर अवघडली म्हणून ताठ उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून त्या गार भिंतीला गाल टेकवला. किती वेळ तशाच राहिल्या. ओळीतल्या बायका वाट बघत होत्या, कुणी घाई केली नाही. भिंतीपासून सुटल्या तेव्हा गालावर चुन्याचा पांढरा डाग होता. मी पुसायला पदर पुढे केला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या बाईला खुर्चीत बसायची खूण केली.