पलंगाखालची बाटली

जव्हारला आमच्या शेजारी एक क्लार्क राहायचे. कुठलंही वाक्य "हां, म्हणजे..." असं सुरू करायचे आणि बहुधा तिथेच संपवायचे. कचेरीतून आले की हात मागे बांधून, साहेबासमोर उभं राहावं तसे माशांच्या टाकीपुढे उभे. मासे दोन-चारच, जीव सगळा पाण्यातल्या झाडांवर.

एकदा त्यांच्या घरातून मोहाच्या दारूचा वास यायला लागला. आमच्याकडे तो वास कुणाला सांगावा लागत नाही. वहिनींना पलंगाखाली टॉवेलात गुंडाळलेली बाटली दिसली. त्या नवऱ्याला काहीच बोलल्या नाहीत. पोशेऱ्याहून वडिलांना बोलावून घेतलं, आणि आधाराला मला.

सासऱ्यांनी वाकून हुंगलं. "जावई, मोहाची ना?"

"हां, म्हणजे... झाडांसाठी."

जावयांनी टॉवेल सोडला. बाटलीच्या बुचातून निघालेली सलाईनची नळी पलंगामागून थेट टाकीत गेली होती. जव्हारात यीस्ट मिळेना, म्हणून मोहाची फुलं आंबवली. त्यातला वायू बुडबुड्यांनी पाण्यात जातो, आणि झाडं त्यावर तरारतात, असं ते म्हणाले. त्यांना एवढं सलग बोलताना मी प्रथमच ऐकलं. वहिनी हसता हसता रडायला लागल्या. माझाही जीव भांड्यात पडला.

सासरे मात्र अजून बाटलीकडेच बघत होते. "आन वायू गेल्यावर हे खाली उरतं, त्याचं काय करता?"

"हां, म्हणजे... मोरीत ओततो."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला तो तेव्हा.