उन्हातली ताडपत्री

किनाऱ्यावर बांबूंना ओळीनं बोंबील वाळत घातले होते. खाली कोळीणमावशी मांडीवर ताडपत्रीची घडी घेऊन बसल्या होत्या. मार्गशीर्षातलं लख्ख ऊन होतं.

"एवढ्या उन्हात ताडपत्री कशाला, मावशी?" मी विचारलं.

"ऊन गेल्या साली पन होता," त्या म्हणाल्या. "जेवायला घरी गेले, नि परत येईस्तवर पावसानं सगलं बोंबील नासवलं."

पूर्वी दिवाळी सरली की इथली माणसं पावसाला विसरून जात. असं निर्धास्त विसरता येणं केवढं सुख होतं. कुठल्या दूरदेशीच्या कारखान्यांच्या धुरानं ऋतू बिघडवून ते हिरावून नेलं, कोण जाणे.

मावशींनी डबा तिथंच उघडला. घास घ्यायचा, वर बघायचं.

निघताना मीही वर पाहिलं. आभाळ निळंभोर होतं, आणि मला त्याचा भरवसा वाटेना.