साबणरावांची लाल वडी

बेकरीत त्यांचं खरं नाव कुणालाच आठवत नसे. सगळ्यांचे ते साबणराव. बावीस वर्षं त्यांनी पीठ मळलं आणि बावीस वर्षं जगाची किळस केली. कुणी शिंकलं, की “शी! तोंड फिरव तिकडे!” कुणी कान कोरला, की मळलेला अख्खा गोळा कचऱ्यात. गिऱ्हाईकं त्यांच्याच हातचा पाव मागत, म्हणून मालक मूग गिळून गप्प बसे.

अशा माणसाला खाज सुटली. आणि कुठे? तर नको तिथे, शौचाच्या जागी! दिवसभर चुळबुळ, आणि अंथरुणाला पाठ टेकली की जीव नकोसा. शी शी शी! ही घाण माझ्या अंगाला आलीच कशी, म्हणून साबणराव स्वतःवरच चडफडत. घाणीवर त्यांच्याकडे एकच उत्तर होतं: बेकरीत हात धुवायला ठेवलेला लाल जंतुनाशक साबण. तो दिवसातून चारदा घासायचा, वर खरखरीत टॉवेलने खसाखसा पुसायचं. घटकाभर बरं वाटे, मग दुप्पट आग आणि दुप्पट खाज.

“अहो, डॉक्टरकडे जा की,” बायको म्हणे.

“तिथलं दाखवू? त्यापेक्षा मेलेलं बरं!”

एका सकाळी उजवा हात कोपरापर्यंत पिठात होता. डावा हात आपसूक मागे गेला, विजारीवरून कराकरा खाजवून आला आणि तसाच पिठात शिरला. समोर पाव पिशव्यांत भरणाऱ्या ताई उभ्या होत्या. त्यांनी नाक मुरडलं. साबणरावांनी सगळं पीठ फेकून दिलं, पण ताईंनी पाहिलं ते पाहिलंच. हे मालकाच्या कानावर गेलं की संपलंच.

कसं संपतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या टेबलावर भाऊ मळायचे. त्यांचाही हात असाच मागे जायचा. साबणरावांनी त्याच लाल साबणाची वडी त्यांच्या हातात कोंबली होती, “घासा! माणसात राहता ना?” भाऊंनी मुकाट्याने महिनाभर घासलं. हात जायचा तो जातच राहिला. मग साबणरावांनीच मालकाला बजावलं, “ते तरी राहतील, नाहीतर मी.” भाऊ गेले.

नाक मुठीत धरून साबणराव डॉक्टरबाईंकडे गेले. बाईंनी तपासलं आणि विचारलं, “धुता कशाने?” त्यांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

“जंत नाहीत, मूळव्याध नाही. अहो, हे घाणीने नाही, तुमच्या सफाईने झालंय! कातडी सोलून काढलीत. साबण बंद. साध्या पाण्याने धुवायचं, मऊ कापडाने नुसतं टिपायचं. सैल सुती चड्डी घाला, नखं कापा, चहा कमी करा. हे मलम आठवडाभर, अगदी पातळ लावा. दोन-तीन आठवड्यांत उतरलं नाही किंवा रक्त दिसलं, तर परत या.”

साबणराव उठेनात. “बाई, आधीच खाज असेल आणि वर कुणी हा साबण लावायला लावला तर?”

“आगीत तेल, दुसरं काय!”

साबणरावांनी मालकाला सगळं खरं सांगितलं आणि बरं वाटेपर्यंत मळण्याचं काम सोडून भट्टीवर उभे राहिले. तीन आठवड्यांत खाज गेली. त्या दिवशी ते भाऊंचं घर शोधत गेले.

भाऊंनी दार उघडलं. “या. पण जरा लांबच बसा, तुम्हाला किळस येते ना.” मोरीच्या कठड्यावर लाल वडी झिजून पडली होती. भाऊंनी त्यांची नजर पाहिली. “तुम्ही सांगितलं होतं, अजून लावतो. दिवसातून तीनदा. पण खाज काही जात नाही हो मेली.”

साबणरावांना स्वतःचीच शिसारी आली. खुर्ची ओढून ते भाऊंना खेटून बसले. “भाऊ,” ते म्हणाले, “ती वडी आधी फेका. चूक माझी होती.”