ओपीडीतल्या बिड्या

भागरथाबाईंचं प्लास्टर कापलं, हात बाहेर काढला, आणि माझा चेहरा पडला. हाड छान जुळलं होतं. बोटं मात्र मिटेनात.

सत्तरच्या दशकाची अखेर. भंडारा जिल्ह्यातल्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात मी नवाकोरा मेडिकल ऑफिसर होतो. बाई एकोडीच्या, साठीपलीकडच्या. अंगणात पाय घसरला, तोल सावरायला हात टेकवला आणि मनगट मोडलं. याला आम्ही कॉलिस फ्रॅक्चर म्हणतो. उतारवयात बायकांची हाडं ठिसूळ होतात, तो ऑस्टिओपोरोसिस. कीड लागलेला बांबू वरून धड दिसतो, आतून पोकळ असतो, तसं. तरुण माणूस एवढ्या पडण्यातून हात झटकून उठला असता.

प्लास्टरमध्ये बोटं मोकळी ठेवतात, कारण ती हलवली नाहीत तर सांधे आखडतात. म्हणून मी बाईंना दाबायला एक रबरी बॉल दिला होता.

"आजी, बॉल दाबला नाही का?"

"नाही जी. सरकारी वस्तू व्हय, फुटला तं? कोठीत धानाखाली ठेवला जपून."

"आणि बोटं?"

"तेही जपून ठेवले. तुमीच तं म्हटलं, हात जपा."

म्हटलं होतं खरं.

सोबत सून होती, यमुना. ती हळूच म्हणाली, "आत्याबाईले बिड्या वळता येन का, साहेब?"

बाई लहानपणापासून बिड्या वळायच्या. गल्लीतल्या बायका मांडीवर सूप घेऊन एका ओट्यावर बसायच्या, त्यात यांची जागा पहिली. हात मोडल्यापासून त्या तिकडे फिरकल्याच नव्हत्या. "रिकामा हात घेऊन कोण बसन तेथी?" त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे पाहत राहिल्या.

मी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात सर्जनसाहेबांना फोन लावला.

"बॉल दिला होता?"

"दिला, सर."

"मग?"

"धानाखाली आहे."

"आता जोर लावा, डॉक्टर. महिन्याभरात बोटं सुटली नाहीत तर तो हात कामाचा राहणार नाही. मी व्हिजिटला येईन तेव्हा बघतो."

दुसऱ्या दिवशी यमुनाला सूप, तेंदूची पानं, तंबाखू, दोरा, सगळं आणायला लावलं. बाई हात लावेनात. "असा हात पानाले लावू नाही. पान फाटन."

मग त्यांना धीर यावा म्हणून मीच बसलो. पानात तंबाखू भरायचा, गुंडाळायचं, दोरा बांधायचा. त्यात काय एवढं! माझी पहिली बिडी पोटात फुगली आणि दोन्ही टोकांनी गळू लागली. सिस्टरनं विचारलं, "सर, हिला सलाईन लावू का?"

दुसरी त्याहून आजारी. तिसऱ्या पानाला मी हात घातला आणि बाईंचा संयम सुटला.

"काहून पानं नासवून राहिले जी? आणा इकडं!"

त्यांनी पान ओढून घेतलं. ते निसटलं. पुन्हा उचललं. अंगठा कण्हत कण्हत वळला, मागोमाग बोटं. बिडी वाकडी झाली, पण बिडी झाली.

मग रोज तोच कार्यक्रम. गरम पाण्यात हात शेकायचा, मी पानं नासवायची, बाईंनी रागावून ती वळायची. साहेब व्हिजिटला आले तेव्हा मी बाकावर मांडीत सूप घेऊन बसलेलो.

"हे काय, डॉक्टर?"

"फिजिओथेरपी, सर."

"कोणाची?"

"माहा हात सुटला जी," भागरथाबाई म्हणाल्या, "डाक्टरचा काही सुटत नाही."

साहेबांनी त्यांना मूठ मिटायला सांगितली. करंगळी जराशी बाहेर राहिली, बाकी मूठ घट्ट. साहेबांनी सुपातली माझी एक बिडी उचलून पाहिली, हळूच परत ठेवली आणि म्हणाले, "चालू द्या."

ओट्यावर परत बसायला लागल्यावर बाईंनी यमुनाच्या हाती स्वतः वळलेल्या बिड्यांचा एक कट्टा पाठवला. निरोप होता, "ओढू नोका. पाहून शिका."

शिकलो नाही. पण त्या बाईंचे उपकार मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मनगट मोडलेल्या बाईला मी बॉल देत नाही. हा हात काय काम करायचा, ते विचारतो, आणि ते काम तिच्यासमोर मुद्दाम वाईट करून दाखवतो. बिड्यांच्या वेळी मात्र मुद्दाम काही करावं लागलं नव्हतं.