अकरा घरं आणि एक बादली

कॅनडातल्या विंडसरमध्ये घर घेताना एजंटनं मला ओटा दाखवला, मागचं मेपलचं झाड दाखवलं, बेसमेंटमधलं कार्पेट किती नवंकोरं आहे तेही दाखवलं. ते नवंकोरं का आहे, हे मी विचारलं नाही. कारच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मी क्वालिटी खात्यात आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. तरी नाही विचारलं.

उत्तर पहिल्याच उन्हाळ्यात मिळालं. दोन तास धो धो पाऊस पडला आणि गटाराचं पाणी बेसमेंटच्या जमिनीतल्या जाळीतून उलटं वर आलं. आमची गल्ली पुढे बंद होते, अकरा घरांची. अकराही घरांत आलं. विमा कंपनीनं भरपाई दिली आणि पुढच्या वर्षी सगळ्यांचे हप्ते भरमसाट वाढवले. शेजारच्या बाईंना तर पत्रच आलं. त्यांचं बेसमेंट त्याआधीही एकदा बुडालं होतं, म्हणून ठरावीक मुदतीनंतर सांडपाण्याच्या नुकसानीला त्यांच्या पॉलिसीत जागा राहणार नव्हती.

या बाई सत्तरी ओलांडलेल्या. जन्मभर कारच्या सीटा शिवल्या, नवरा गेला, आता पेन्शनवर एकट्या. आमच्या पहिल्या हिवाळ्यात मी फावड्यानं बर्फ उचलून वाऱ्याच्या दिशेनं फेकत होतो आणि तो परत माझ्याच तोंडावर येत होता, तेव्हा कुंपणाशी येऊन त्यांनीच मला शोव्हल कसं करायचं ते शिकवलं. त्यांचा कॅलगरीतला मुलगा घर विक म्हणून मागे लागला होता. त्या मला म्हणाल्या, "इन्शुरन्स असेल तोवर मी इथून हलणार नाही. नसेल तर मात्र पुढच्या पावसाची वाट बघत बसायची माझी हिंमत नाही."

मग विम्याच्या ब्रोकरनं एक मार्ग सांगितला. प्रत्येक घरानं गटाराच्या पाइपवर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवायचा, छपराच्या पन्हळीचं पाणी गटारात न सोडता बागेत सोडायचं, आणि कंपनीच्या माणसाकडून तपासणी करून घ्यायची. अकराच्या अकरा घरं पास झाली तर सगळ्यांचा हप्ता कमी आणि बाईंचं संरक्षण परत. दहा घरं पास होऊन चालणार नव्हतं.

पुण्यात मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. पाण्याच्या टाकीवरून लोकांशी भांडण्यात माझी सात वर्षं गेली होती. इथेही मी तसाच अंगात आल्यासारखा कामाला लागलो. मीटिंगा घेतल्या, एक्सेलमध्ये तक्ता केला, लाल-हिरवे रंग भरले. कोपऱ्यावरचे ट्रकवाले सरदारजी दर वेळी "हो जाएगा भाईसाब" म्हणायचे आणि काहीही व्हायचं नाही. समोरच्या नवराबायकोनं व्हॉल्व्ह बसवायच्या जागी व्यायामाची खोली केली होती, ते ट्रेडमिल हलवायला तयार नव्हते. माझं डोकं फिरायचं. दोन वर्षं मी या लोकांच्या दारात उभा राहिलो. "व्हॉल्व्हचं झाकण उघडून आतला गाळ काढा," अशी ईमेल मी दर वसंतात सगळ्यांना पाठवायचो. माझा व्हॉल्व्ह गल्लीत सगळ्यात आधी बसला होता. तो मी कधीच उघडला नाही. नवा तर होता.

आई आमच्याकडेच राहते. दर वर्षी ती शाडूच्या मातीचा गणपती आणवते, विसर्जन घरीच बादलीत. दोन दिवसांत मूर्ती विरघळली की ती बादली माझ्या हातात देते आणि सांगते, "झाडाच्या मुळाशी घाल हं. कुणाच्या पायाखाली यायला नको." पन्हळीचं पाणी बागेत सोडल्यापासून मागे नुसता राडा असायचा. बूट चढवा, चिखल तुडवा, परत बूट धुवा. कामावर जायची घाई. पहिल्या वर्षी मी बादली बेसमेंटमधल्या कपडे धुवायच्या सिंकमध्ये ओतली आणि वरून नळ सोडला.

"घातलंस?" आईनं विचारलं.

"घातलं."

असं तीन वर्षं.

तपासणीचा दिवस उजाडला. सरदारजी पास. ट्रेडमिलवाले पास. बाई पास, त्यांनी त्या माणसाला कॉफीही दिली. आमचं घर शेवटचं. मी तक्त्याची छापील प्रत घेऊन ऐटीत उभा होतो. त्यानं झाकण उघडलं, टॉर्च मारला. मग हातमोजा घालून आत हात घातला आणि राखाडी, घट्ट मातीचा गोळा बाहेर काढला. तसलाच थर झडपेखाली चांगला जमला होता. झडप अर्धवट उघडी राहून तिथेच थिजली होती.

"पॉटरी करता का तुम्ही?" त्यानं विचारलं.

आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. तिनं माझ्या मुलीला विचारलं, "काय सापडलं गं?"

"क्ले, आजी," ती म्हणाली. "लाइक, अवर गणपती क्ले."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग कठड्याला धरून वर निघून गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी त्या माणसाला म्हणालो, आत्ता साफ करतो, अर्धा तास थांबा. तो म्हणाला, नियम नाही, फेरतपासणी सहा आठवड्यांनी. बाईंच्या पॉलिसीला उरले होते नऊ दिवस. मी ब्रोकरला फोन केले, कंपनीला फोन केले, होल्डवरचं संगीत तोंडपाठ झालं. कुणी ऐकलं नाही. गल्लीला मी ईमेल पाठवली की आमच्या पाइपमध्ये "थोडा गाळ" निघालाय, काळजी नसावी. क्वालिटीवाल्याची भाषा ती.

व्हॉल्व्ह मी त्याच दिवशी साफ केला. सहा आठवड्यांनी पास झालो. पुढे हप्ता कमी झाल्याचं पत्र दहा घरांना आलं, त्यात मलाही आलं. तोवर बाईंच्या हिरवळीवर विक्रीची पाटी लागली होती आणि तिच्यावर "सोल्ड"ची पट्टीही चढली होती. पॉलिसी संपल्यानंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात एकदा जोराचा पाऊस झाला होता. पाणी कुठेच आलं नाही. पण ती सबंध दुपार बाई बेसमेंटच्या जिन्यावर जाळीकडे बघत बसल्या होत्या, आणि संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन केला.

पत्र मी आईला दाखवलं. तिनं ते हातातही घेतलं नाही. "त्या बाईंना खरं सांगितलंस का?" एवढंच विचारलं.

म्हणून गेलो. बाई खोकी भरत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: मूर्ती, बादली, सिंक, तीन वर्षं, गाळ म्हणालो तेही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रागावल्या असतील, दिसल्या नाहीत.

"तो हत्तीचं डोकं असलेला ना?" त्यांनी विचारलं. "तुझी आई दर वर्षी मला त्याचा गोड लाडू आणून देते तो?"

मी हो म्हणालो.

"मी कधी विचारलं नाही. काय करतो तो?"

"वाटेतली विघ्नं दूर करतो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या खोक्याला चिकटपट्टी लावायला घेतली. मी दुसऱ्या बाजूनं ते धरून ठेवलं.