कट्यारीचं म्यान आणि मामाचं पोट

मलकापुरास आगगाडीतून उतरलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं, आणि माझं डोकं त्याहून जास्त. निघताना पुण्यात सगळ्यांनी बजावलं होतं, वऱ्हाडात पाणी जपून पी, उन्हात हिंडू नकोस. पोट सांभाळ असं मात्र एकानंही सांगितलं नाही. भाच्याच्या लग्नाला निघालेल्या मामाला ते कोण कशाला सांगेल म्हणा.

सासरच्या गावाहून, उंद्रीहून, अक्कानं दमणी (दोन बैलांची हलकी गाडी) पाठवली होती. घाट चढताना बैल सारखे वळून माझ्याकडे पाहत होते. मी अंगानं भरलेला आहे हे मला मान्य आहे. पण ते बैलांनी सुचवावं याचा राग आला. वर बुलढाण्याचं पठार लागलं, गार वारा सुटला, तेव्हा कुठं जीव थाऱ्यावर आला. पुढं उंद्रीपर्यंत उलंगवाडी झालेली (कापूस वेचून संपलेली) रानं आणि धूळ.

अक्काच्या घरी पोचलो तर भाचा गणपत हळद लावून ओट्यावर बसलेला, हातात उघडी कट्यार. हळद लागल्यापासून ती उतरेपर्यंत नवरदेवानं हातातलं लोखंड सोडायचं नाही, ही रीत आपल्याला ठाऊक आहेच. पण या कट्यारीचं म्यान कणगीमागं ठेवलेलं, ते उंदरांनी खाल्लं होतं. त्यात गणपतला हातवारे केल्याशिवाय बोलता येत नाही. "मामा, वाटेत तरास तं नाही झाला?" एवढं विचारताना त्यानं माझ्या उपरण्याचे दोन भाग केले. अक्कानं पात्याला फडकं गुंडाळून पाहिलं होतं. ते म्हणे सकाळच्या गप्पांतच फाटलं.

आणि मंगलाष्टकांच्या वेळी नवरदेवाला खेटून कोण उभं राहतं? मामा. माझं पोट तर माझ्याआधी पुढं जातं. मी घाबरलो, साफ सांगतो. म्यान करून घेण्याची कामगिरी मी आपणहून अंगावर घेतली आणि कट्यार मागितली. अक्काचे यजमान, आमचे दाजी, शांतपणे सुपारी कातरत होते.

"कट्यार नवरदेवाच्या हातून सुटत नाही, अन् नवरदेव वरातीआधी शीव वलांडत नाही," ते म्हणाले. "बाकी तुमाले जे न्यायचं ते न्या."

बाकी न्यायला उरलो मीच. दुसऱ्या दिवशी भाकरी-ठेचा खाऊन बुलढाण्याला गेलो. कचेरीच्या मागं एका जीनगराचं दुकान होतं. साहेबलोकांच्या घोड्यांची खोगिरं आपणच करतो, हे त्यानं मी बसायच्या आत सांगितलं, बसल्यावर पुन्हा सांगितलं. मी वितीनं कट्यारीचं माप दाखवलं तर तो हसायलाच लागला. ओलं कातडं ज्या वस्तूचं त्या वस्तूवरच वाळावं लागतं, तरच ते अंगासरसं बसतं, म्हणे. उंद्रीला चल म्हटलं, तर साहेबाचं खोगीर अर्धवट टाकून यायची त्याची तयारी नव्हती. मी कपाळाला हात लावला आणि गणपतच्या हातवाऱ्यांची कथा सांगितली.

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पण तो भोसकीन कोनाले?"

"बहुतेक मलाच."

"मंग कट्यारीले काऊन घालता? म्यान तुमालेच घालू ना."

हसू नका. गणपतच्या हातातली कट्यार ज्यानं पाहिली नाही त्यानं तर हसूच नये. जीनगरानं जाड कातडं कोमट पाण्यात भिजवलं, बंडीवरून माझ्या पोटावर पसरलं, दोऱ्यांनी पाठीमागं आवळलं आणि अंगठ्यांनी दाबून दाबून बसवलं. बेंबीची जागासुद्धा त्यानं सोडली नाही. वाळेपर्यंत ताठ बसा, आणि जेवताना विचार करा, असं त्यानं बजावलं. फुगलेल्या पोटाची जिम्मेदारी त्याच्याकडे नव्हती. परतताना ओल्या कातड्याच्या वासानं वाटेतल्या प्रत्येक गावचं कुत्रं दमणीमागं लागलं. उंद्रीत शिरलो तेव्हा वरात आजच निघाली की काय, म्हणून लोक बाहेर आले.

लग्न मुलीच्या गावी, धाड इथं होतं. कोटाच्या आत कातडं बांधून मी नवरदेवाला खेटून उभा राहिलो. आणि गणपत? मांडवभर माणसं पाहून तो असा गारठला की मंगलाष्टकं संपेपर्यंत त्याचं बोटही हललं नाही. मी आत घामानं भिजत होतो आणि त्याला मनातल्या मनात शिव्या देत होतो.

खरं संकट पंगतीत आलं. बुंदी, वांग्याची भाजी, वरण-भातावर तुपाची धार, आणि मला दोन घासांपुढं जागा नाही. कातडं सूतभर हटेना. मी हात आखडला, तशी कुजबूज सुरू झाली: मामा रुसला. रुसलेल्या मामाला सोडून वरपक्ष जेवणार कसा? सगळी पंगत हात थांबवून बसली. धोतरजोडी आली. मी नको म्हटलं, म्हणून शेला आला. तोही नको म्हटल्यावर मुलीचे वडील पागोटं सावरत, हात जोडून समोर उभे राहिले. डोळ्यांत पाणी होतं बिचाऱ्यांच्या.

"मामाजी, आमच्याकून काय चुकलं ते सांगा. पोरीचं पहिलंच पाऊल आहे."

मला भरून आलं. मी कोटाची बटणं काढली. त्यांनी कातड्यावर बोटाच्या पेरानं टक्टक् करून पाहिलं, मी कारण सांगितलं, आणि मग जी पंगत हसली ती काही थांबेना. चौघांनी मिळून दोऱ्या सोडल्या. त्यानंतर मी जो जेवलो, त्याबद्दल धाडकर अजून आदरानं बोलतात.

जेवून, कोटाची बटणं उघडीच ठेवून मांडवात टेकलो, तोच जोडपं पाया पडायला आलं. आता गणपतला कंठ फुटला होता. "मामा, तुमच्या आशीर्वादानं…" म्हणत तो वाकला आणि कट्यारीचा हात भर्रकन वर आला. मी डोळे मिटले. पोट तुडुंब, वर नुसती बंडी. मनात म्हटलं, संपलं.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तर नव्या सूनबाईनं त्याचं मनगट धरलं होतं. नुसतं धरलं नव्हतं, करकचून धरलं होतं.

"मामाजी, बिनघोर राहा," ती हळूच म्हणाली. "हा हात आता माह्याकडं आहे."

पुण्यात परतल्यापासून जो तो विचारतो, वऱ्हाडात पाहण्यासारखं काय आहे? घाट आहे, पठार आहे, काळी रानं आहेत. पण मी सांगतो, मी तिथं एक मुलगी पाहिली. नवऱ्याला नेमकं कुठं धरायचं, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.