मावसाजी आणि कचऱ्याची शेड

रायपूर शहरात रोज जेवढा कचरा निघतो, तेवढ्या सगळ्यावर चिडण्याचं काम एकट्या माझ्या मावसाजींनी अंगावर घेतलं होतं. मावशीचे हे यजमान रेल्वेत मालगाडीचे डबे तपासायचे. नादुरुस्त डबा दिसला की त्यावर खडूने ‘सिक’ लिहायचं, म्हणजे तो गाडीतून काढून दुरुस्तीला जातो, ही त्यांची आयुष्यभराची नोकरी. निवृत्तीनंतर मालगाडी सुटली, पण खडू काही सुटला नाही. तात्यापाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, ज्या घरून ओला-सुका कचरा एकत्र येई, त्या घराच्या फाटकावर दुसऱ्या सकाळी ‘सिक’ उमटलेलं असे. एकदा मावशीने चहाचा चोथा सुक्याच्या बादलीत टाकला, तर त्यांनी स्वतःच्याच दारावर लिहून ठेवलं. मावशी ओलं फडकं घेऊन आली तेव्हा आडवे उभे राहिले आणि म्हणाले, “दुरुस्ती झाल्याबिगर पुसता येत नाही.” शेवटी तिने बादलीतून चोथा वेचून काढला, तेव्हा कुठे दार पुसलं गेलं.

दुधाच्या रिकाम्या पिशव्या ते धुऊन, चिमटे लावून दोरीवर आपल्या बनियनांच्या रांगेत वाळत घालत. लग्नाला गेले की नवरानवरीला अक्षता टाकून थेट उष्ट्या पत्रावळींच्या पिंपाजवळ जाऊन उभे राहत आणि कोण काय कुठे टाकतो यावर पहारा देत. एका रिसेप्शनमध्ये नवरीच्या काकांना ते वाढपी वाटले आणि त्यांनी जिलबी मागितली. मावसाजींनी निमूटपणे आणून दिली, आणि ते गृहस्थ खाऊन होईपर्यंत द्रोणासाठी शेजारी उभे राहिले.

आम्ही खूप हसायचो. आता हसू येत नाही, कारण हा सगळा खटाटोप एका पत्र्याच्या शेडसाठी होता, आणि ती शेड आता नाही. आमच्या गल्लीमागे त्या शेडमध्ये सुखवंतीन दीदी आणि तिघी बायका पाऱ्याचा कचरा हाताने निवडत. कागद, बाटल्या, चिंध्या विकून येईल ते त्यांचं, ओल्याचं खत व्हायचं, आणि वरून थोडं सरकारी मानधन. त्यावर चार घरं चालत होती. मावसाजी सकाळी तिथेच असत. आपण तिथले तपासनीस आहोत असं त्यांना वाटे आणि दीदी त्यांना तसं वाटू देई.

मग सरकारी पैशाने वाट बदलली. शेड-बिड बंद, सगळा पैसा एका मोठ्या ठेक्याला. ठेकेदाराला शहराबाहेर नेऊन टाकलेल्या कचऱ्याच्या वजनावर पैसे! आता मला सांगा, वजनावर पैसे मिळणार असतील तर कचरा कमी व्हावा असं कोणाच्या बापाला वाटेल? मावसाजी स्कूटर घेऊन ठेकेदाराच्या एका कचरागाडीच्या मागे लागले. पुढच्या वळणावर गाडी थांबली आणि माणसं पाडलेल्या भिंतीच्या विटा कचऱ्यावर भरू लागली. “अबे, कचरा तोलून राहिले का मकान?” असे ते भर रस्त्यात ओरडले. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, “चाचा, ऊपर बात करो.”

मावसाजी वर बोलायला गेले. वॉर्डात महापालिकेच्या मोठ्या साहेबांचं तक्रारी ऐकायचं शिबिर लागलं होतं. शेड चालू ठेवा असा चार पानी अर्ज आणि निवडलेल्या कचऱ्याच्या चार स्वच्छ पिशव्या घेऊन ते रांगेत बसले. साहेब खुर्चीवरून उठले, “वाह चाचाजी, आप जैसे लोग चाहिए!” म्हणाले, आणि त्यांनी मावसाजींना शाल-श्रीफळ दिलं. फोटो निघाले. मे महिन्याच्या उन्हात शाल पांघरूनच मावसाजी घरी आले. पाऱ्यात पेढे वाटले, पहिला दीदीला. “आपली शेड वाचली!”

दीदीने पेढा हातात धरला. “हव कका. फेर कागद मा का लिखिन?”

कागदावर साहेबांनी काय लिहिलं, हे मावसाजींनी पाहिलंच नव्हतं. ज्या माणसाने जन्मभर एकही डबा न तपासता सोडला नाही, तो शाल मिळाल्यावर स्वतःचा अर्ज टेबलावर विसरून आला होता. आठवड्यात शेडला कुलूप लागलं. पेपरात मावसाजींचा शालीतला हसरा फोटो आला, आणि खाली बातमी होती की नव्या ठेक्याचं नागरिकांनी स्वागत केलं.

मला साहेबांचा राग आला, ठेकेदाराचा आला, आणि सगळ्यात जास्त आमच्या गल्लीचा आला. एकही माणूस बोलायला बाहेर पडला नाही. शेजारचा पोट्टा तर मलाच खुशीत म्हणाला, “अच्छा हुआ दीदी, अब सब एक ही बाल्टी में डालो.” सुखवंतीन दीदी आता एका हॉटेलात भांडी घासते. बाकी तिघींचा पत्ता नाही.

आणि एवढा सगळा राग मी काढला कोणावर? मावसाजींवर. ते ओसरीत बसले होते, मी जाऊन ओरडले, “मावसाजी, तुम्ही ते शाल काहून घेतली? तिथंच फेकून द्याची होती!”

मला वाटलं, ते दुप्पट आवाजात ओरडतील. मला तेच हवं होतं.

“पोरी,” ते मात्र हळूच म्हणाले, “इतक्या वर्षांत माह्यासाठी कोणी खुर्चीवरून उठलं नव्हतं. मले वाटलं, ऐकून राहिले.”